पालथं पडून ऐकलेली पुस्तकं

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तुम्हाला पालथं पडून राहायला सांगितलं असेल, तर हे तुम्ही स्वतः वाचत नसणार. कोणीतरी वाचून दाखवत असणार. म्हणून पहिलं सांगणं त्या वाचणाऱ्याला आहे. शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसा आणि घाई करू नका. ऐकणाऱ्याला कुठंही जायचं नाहीये.

मी वैशाली. बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. वाचनाच्या बाबतीत मी जरा हावरट आहे. महिना लागला की त्या महिन्याची पुस्तकं कपाटातून काढून पलंगाशेजारच्या स्टुलावर रचायची, आणि महिना सरेपर्यंत स्टूल मोकळं करायचं, असा माझा बरीच वर्षं चाललेला नेम आहे. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, त्याला माझं रेशन म्हणतो. त्या महिन्याच्या रेशनमध्ये एका शिंपिणीची जाडजूड कादंबरी होती. तिच्याखाली एक पोलिसी कादंबरी, मोटारसायकलवरून एकटीनं फिरलेल्या बाईचं प्रवासवर्णन आणि पाणपक्ष्यांवरचं एक पुस्तक होतं. हे शेवटचं लाजेकाजेस्तव घेतलं होतं. उजनीचं पाणी आमच्या इतकं जवळ, हिवाळ्यात माणसं लांबून पक्षी बघायला येतात, आणि मला बगळा सोडला तर एकाचंही नाव धड सांगता येत नाही.

पडदा

शिंपिणीच्या कादंबरीचं दुसरं प्रकरण चालू होतं. वाचताना प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द जरा झाकल्यासारखा दिसायला लागला. मला वाटलं, छपाई खराब आहे. पुढचं पान काढलं, तिथंही तेच. मग चष्मा पदराला पुसला. दोन दिवस आधीपासून डोळ्यापुढं काळे ठिपके आणि मधूनच वीज चमकल्यासारखं होत होतं, पण ते मी उन्हावर ढकललं होतं. अख्खी सकाळ मी चष्मा पुसत आणि प्रकाशकाला नावं ठेवत बसले. दुपारपर्यंत पानाचा उजवा भाग कोणीतरी काळं फडकं टाकावं तसा गेला, तेव्हा कुठं मी घाबरले.

हे वाचणाऱ्यांसाठी सांगते. असं काही झालं तर चष्मा पुसत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

दवाखान्यात डोळ्यात थेंब घालून बसवलं. डॉक्टरीण बाई शांतपणे म्हणाल्या, "पडदा सुटलाय. ऑपरेशन लगेच करायला लागेल." मी त्यांना सांगितलं की माझा डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे. त्यानं दार दिसतं, माणूस दिसतं, अक्षर दिसत नाही. आजवरचं सगळं वाचन या एका उजव्यावर झालं.

"मला वाचता येईल ना?" मी विचारलं.

"आधी पडदा जागेवर बसवू. वाचायचं नंतर बघू."

हे 'नंतर बघू' घेऊन मी बाहेर आले. आंधळी होईन अशी भीती मला वाटली नाही, कारण डाव्यानं घरात वावरता आलं असतं. वाचता येणार नाही, याची भीती वाटली. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. डोळ्यावर बेतलेलं असताना बाई पुस्तकांचं घेऊन बसलीय, असं कोणीही म्हटलं असतं.

आणि म्हटलंच. बाहेर बाकावर बसल्या बसल्या प्रकाश म्हणाला, "किती वेळा सांगितलं, इतकं वाचत जाऊ नकोस." पुन्हा आत गेल्यावर त्यानं स्वतःच डॉक्टरीण बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वाचनाचा आणि याचा काही संबंध नाही, चष्म्याचा नंबर मोठा असला की असं होऊ शकतं. त्याला ते कळलं, पण तोंडातून गेलेलं वाक्य गेलंच होतं. पुढं कितीतरी दिवस आमच्या दोघांत ते पाहुण्यासारखं बसून राहिलं.

चुंबळ

ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. तो वर चढतो आणि पडद्याला आतून दाबून धरतो. पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला, म्हणून पेशंटनं तोंड जमिनीकडं करून राहायचं. जेवताना मान खाली, चालताना मान खाली, झोपायचं पालथं. ऑपरेशनला मी घाबरले होते, पण खरं ऑपरेशन त्यानंतर सुरू होतं, हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं.

प्रकाश लोणी देवकरला कारखान्यात आहे, शिफ्ट बदलत्या असतात. मुलगी शिकायला बाहेरगावी. घरी बघणार कोण? म्हणून मला इंदापूरकडं वरकुट्याला, सासरी नेलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. गावाला मामा म्हणजे तात्या. उसाची शेती आहे, पायात वहाण आणि डोक्याला टोपी असल्याशिवाय मी त्यांना कधी बाहेर पडताना पाहिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं बोलणं 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' याच्या फारसं पुढं गेलेलं नव्हतं.

मामांनी माझ्या अवस्थेचा नीट विचार केलेला दिसला. त्यांनी पडवीत बाज टाकली, डोक्याकडची सुतळी सोडवून तोंड मावेल एवढी जागा मोकळी केली आणि मला म्हणाले, "पडून बग."

पडून बघितलं. बाजेची कड कपाळाला रुतत होती. आत्यानं जुन्या लुगड्याची चुंबळ वळली, डोक्यावर हंडा घ्यायला करतात तशीच, पण परातीएवढी. कपाळ आणि हनुवटी टेकायची, डोळ्यावर दाब नाही. बाजारात या कामासाठी महागड्या उशा मिळतात असं मला नंतर कळलं. मला त्यांची गरज पडली नाही.

त्या भोकातून मला शेणानं सारवलेली जमीन दिसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. आत्याचे पाय लगबगीचे. प्रकाशचे पाय यायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि "बरंय ना?" म्हणून जायचे. मामांचे पाय भेगाळलेले, सावकाश.

पोथी

मुलीनं मोबाइलवर ऐकायची पुस्तकं भरून दिली होती. माझ्या स्टुलावरचं त्यांत एकही नव्हतं. शिवाय कानात ते सुरू केलं की मला झोप लागायची आणि जाग आल्यावर कोण कोणाचा भाऊ ते कळायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी रडले. पालथं पडून रडणं ही मोठी गैरसोयीची गोष्ट आहे. सगळं नाकात जातं. बाजेजवळ मामांचे पाय येऊन थांबले.

"दुखतंय का?"

"न्हाय मामा. वाचायचं राहिलंय माझं." का कोण जाणे, त्यांना खरं सांगितलं.

पाय गेले. थोड्या वेळानं परत आले ते धुतलेले, ओले. पाट ठेवल्याचा आवाज आला. मामा खाली बसले, आणि माझ्याबरोबर बारामतीहून आलेल्या पुस्तकांच्या पिशवीतली शिंपिणीची कादंबरी त्यांनी पाटावर ठेवली.

इथं मामांबद्दल एक सांगायला हवं. श्रावणात गावच्या देवळात पोथी लावतात. एकानं ओवी वाचायची, शेजारी बसलेल्यानं अर्थ सांगायचा. मामा कित्येक वर्षं वाचणारे होते. त्यामुळं मोठ्यानं वाचायचं म्हणजे काय, हे त्यांच्या लेखी ठरलेलं होतं. टोपी घालायची, पूर्वेकडं तोंड करायचं आणि चालीत वाचायचं.

त्यांनी कादंबरी चालीत वाचली. मथुरा नावाची ती शिंपीण नवऱ्याशी भांडून शिलाई मशीन घेऊन घराबाहेर पडते, हा प्रसंग मामांनी असा काही लांबवत, हेलकावे देत म्हटला की मला हसू आवरेना. एक परिच्छेद झाला आणि ते थांबले. मी वाट बघितली. तेही वाट बघत होते.

"सांग की," ते म्हणाले.

"काय?"

"अर्थ."

मग बाजेच्या भोकातून मी अर्थ सांगितला. "मथुरा नवऱ्याला म्हणाली, मशीन माझ्या बापानं दिलंय, ते मी नेणार." मामा 'हां' म्हणाले आणि पुढचा परिच्छेद धरला. पुढं हेच चालू झालं. आता विचार करते तर त्यानंच मी तरले. नुसतं ऐकत राहिले असते तर मन भलतीकडं गेलं असतं. अर्थ सांगायचा म्हटल्यावर कान देऊन ऐकावं लागायचं.

चाल रस्त्यापर्यंत जात होती. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हौसाबाई दोन केळी घेऊन आल्या, पाटासमोर ठेवून पाया पडल्या आणि म्हणाल्या, "तात्या, श्रावन नसताना पोथी कशी काय लावली? सुनंसाठी का?"

"व्हय," मामा म्हणाले.

केळी पाटासमोरच राहिली आणि हौसाबाईही. दोन दिवसांनी आणखी पाय दिसायला लागले, जोडव्यांचे. ही देवाची पोथी नव्हे हे सगळ्यांना पहिल्या बैठकीतच कळलं होतं, पण तोवर मथुरेच्या सासूनं मशीन परत मागितलं होतं आणि पुढं काय होतं ते कळल्याशिवाय कोणी उठायला तयार नव्हतं.

हौसाबाईंना तर ती सासू सहन होईना. एकदा त्या म्हणाल्या, "तात्या, हिला जरा फटकं बसू द्या की कुणाचं तरी."

मामांनी वाचन थांबवलं. "हे बगा, ल्हिलंय तेवढंच वाचायचं. पदरचं घालायचं न्हाय. आन् उघडलेली पोथी समाप्ती झाल्याबिगार मिटून ठेवायची न्हाय. ज्याला ऐकायचंय त्यानं गुमान ऐकायचं."

हौसाबाईंचे पाय पाटापासून जरा मागं सरकले. मीही बाजेवर गुमान पडून राहिले.

निसर्गवर्णन

दोन पुस्तकं एका वेळी वाचायची माझी सवय मामांना पटली नव्हती. पण शिंपीण सकाळची आणि पोलिसी कादंबरी दुपारची, अशी तडजोड झाली. दुपारी बायका नसायच्या. मामा वाचायचे, पण नाराजीनं. तिसरा खून झाल्यावर ते म्हणाले, "एवढी माणसं मेली, एकाचं बी तेरावं घातलेलं न्हाय कुणी."

मग एका दुपारी इन्स्पेक्टर आणि ती साक्षीदार बाई लॉजच्या खोलीत भेटली. दार लागलं. मामांचा आवाज बंद झाला. पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"हितं दोन पानं निसर्गवर्णन हाय," मामा म्हणाले आणि सकाळच्या चहापासून पुढं सुरू झाले.

लॉजच्या खोलीत कसला आलाय निसर्ग? हसू दाबताना माझं पोट बाजेवर हलत होतं. आत्यानं विचारलं, "उचकी लागली का गं?" पुढं त्या कादंबरीत तीन-चार वेळा निसर्गवर्णन आलं. मी कधी अर्थ विचारला नाही.

प्रकाशला हे मी सांगितलं तेव्हा त्याचे पाय बाजेजवळ बराच वेळ थांबले. मग तो खाली बसला आणि भोकातून वर माझ्याकडं बघत हसला. इतक्या दिवसांत मला दिसलेलं त्याचं पहिलं पूर्ण तोंड ते, तेही धुरकट. "मी तेव्हा बोललो ते डोक्यातून काढ," तो म्हणाला. मी म्हटलं, "काढलं." सगळं काढलं नव्हतं, पण बरंच निघालं होतं.

समाप्ती

मथुरेचं दुकान उभं राहिलं. पोरगी मोठी झाली. आणि शेवटाकडं, माझी मोठी तपासणी आठवड्यावर आलेली असताना, मथुरेला डोळ्यांनी दिसेनासं व्हायला लागलं.

पुस्तक घेताना मला हे माहीत नव्हतं. पाठीमागच्या मजकुरात दुकानापर्यंतचंच होतं. मथुरेला सुईत दोरा ओवता येईना, तो प्रसंग मामांनी वाचला आणि अर्थासाठी थांबले. मला अर्थ सांगता आला नाही. त्यांनी मागितलाही नाही, तसेच पुढं गेले.

तपासणीच्या आदल्या सकाळी शेवटचं प्रकरण होतं. पडवीत जागा नव्हती. मथुरेचं शहरात ऑपरेशन झालंय, पट्टी काढायचीय, पोरगी शेजारी उभी आहे. उगाच वाटायला लागलं की तिचं जे होईल तेच माझं होणार. मी शिकलेली बाई, मला कळत होतं की हे खुळ्यासारखं आहे. तरी वाटत होतंच.

मामा मधेच थांबले. बराच वेळ थांबले. हौसाबाई म्हणाल्या, "पाणी देऊ का तात्या?" पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग मामांनी पुन्हा चाल धरली, जरा वरच्या पट्टीत. पट्टी निघाली. आधी धुकं, मग पोरीचा हात, मग तिच्या हातातली सुई. मथुरा म्हणाली, दे इकडं. आणि तिनं आपल्या हातानं दोरा ओवला.

बायका डोळे पुसत होत्या. मीही रडले आणि सगळं नाकात गेलं. आत्यानं शिरा केला होता, तो मला बाजेखाली द्रोणात मिळाला. त्या दिवशी मी शांत झोपले.

पुन्हा पहिलं पान

तपासणीत डॉक्टरीण बाईंनी बराच वेळ बघितलं. पडदा जागेवर बसला होता. मान वर करायची परवानगी मिळाली. नजर किती येईल ते हळूहळू कळेल, बुडबुडा विरायला वेळ लागेल, असं त्या म्हणाल्या. बारामतीहून परतताना मी गाडीच्या काचेतून ऊस, ट्रॅक्टर, पाट्या असं सगळं बघत होते. पाट्यांवरचं अक्षर लागत नव्हतं. मला घाई नव्हती, असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल. भयंकर घाई होती.

बुडबुडा लहान होत होत एक दिवस गेला. नवा चष्मा लागला. ओळी जराशा वाकड्या दिसतात, अजूनही दिसतात, पण अक्षर आलं. रोज थोडंच वाचायचं आणि दमलं की थांबायचं, असं बाईंनी बजावलं होतं. त्यावेळी मी बारामतीच्या घरी परतले होते. स्टुलावर सगळी पुस्तकं होती. आधी काय वाचायचं, याचा विचारही केला नाही. मथुरेनं दोरा ओवला ते पान काढलं. ज्या पानानं मला तपासणीच्या आदल्या दिवशी धरून ठेवलं होतं, ते स्वतःच्या डोळ्यानं वाचायचं होतं.

ते पान त्यात नव्हतं.

पट्टी निघते. मथुरा विचारते, दिवा लावलाय का? पोरगी म्हणते, आई, उजेडच आहे. मथुरा थोडा वेळ बसून राहते. मग म्हणते, घरी चल, कपडे शिवायचे राहिलेत, दोरा तू ओव. आणि बोटांच्या अंदाजानं मशीन चालवत ती पहिली शिवण घालते. तिथं कादंबरी संपते.

मी पानं पुढंमागं केली. धुकं नव्हतं, पोरीचा हात नव्हता, 'दे इकडं' नव्हतं. ते सगळं मामांचं. पाणी पिण्याएवढ्या वेळात, बायकांनी भरलेल्या पडवीत, टोपी घालून, चालीत न अडखळता त्यांनी ते रचलं होतं. पदरचं घालायचं न्हाय म्हणणाऱ्या माणसानं. पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. माझ्याएवढंच कोणीतरी घाबरलेलं होतं, आणि ते त्या पायांवरून मला कधी कळलं नाही.

पुढच्या महिन्याचं रेशन

आता पुढच्या महिन्याचं. स्टुलावर यावेळी तीनच पुस्तकं आहेत, कारण मला रोज थोडंच वाचायला मुभा आहे. बाकीचं शनिवार-रविवारी वरकुट्याला मामा वाचणार. पाणपक्ष्यांचं आहेच. मामांना त्यातली चित्रं बघून पक्षी ओळखता येतात, नावं मात्र त्यांची वेगळी आहेत, त्यामुळं अर्थ दोघांनीही सांगायचा आहे. मोटारसायकलवाल्या बाईचं प्रवासवर्णन हौसाबाईंनी मागून घेतलंय. मुक्काम कुठं केला, जेवायला काय मिळालं आणि घरच्यांनी सोडलं कसं, एवढंच त्यांना ऐकायचंय. पोलिसी कादंबरीतलं निसर्गवर्णन मी एकटीनं वाचणार आहे. त्याच्या पुढच्या महिन्यात काय, ते ठरलेलं नाही. आधी मी चाळून बघेन, मग पडवीत नेईन.

पण पहिला मान शिंपिणीचा होता. गेल्या रविवारी मी ती कादंबरी पिशवीतून काढली आणि पाटावर ठेवली.

"मामा, हिची समाप्ती राहिलीय."

त्यांनी पुस्तकाकडं बघितलं. मग माझ्या चष्म्याकडं. उठले, हातपाय धुऊन आले, टोपी सारखी केली आणि पूर्वेकडं तोंड करून बसले. मी यावेळी भिंतीला टेकून, मान वर करून बसले होते. मामांचा चेहरा वाचताना कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. ओठ चालीवर हलतात आणि कपाळावर आठ्या पडतात.

शेवटचं प्रकरण त्यांनी लिहिलंय तसं वाचलं. 'आई, उजेडच आहे' हे वाचताना चाल सुटली, पण शब्द सुटला नाही. मशीन सुरू झालं आणि पुस्तक संपलं.

मग हौसाबाई म्हणाल्या, "आवो तात्या, मागल्या बारीला तर तिला दिसाय लागलं हुतं. सोताच्या हातानं दोरा ववला हुता की तिनं."

मामांनी पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि पाटावर ठेवलं.

"व्हय," ते म्हणाले. "मागल्या बारीला दुसऱ्या दिशी ह्या पोरीला डागदरकडं न्यायचं हुतं."